टॉवेल कारखान्याच्या ऑफिसातली मेमरी: ब्राउझर आणि एक्स्टेन्शनच्या नोंदी

१८ नोव्हेंबर २०२५

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टेरी टॉवेलच्या कारखान्याचं ऑफिस. चार कॉम्प्युटर माझ्याकडे देखभालीला आहेत. हिशेब, डिस्पॅच आणि ऑर्डर या तीन टेबलांवर ४ जीबी रॅम, विंडोज १०. त्यातल्या दोघांत अजून जुनी फिरती हार्ड डिस्क. चौथा डिझाइनचा, ८ जीबीचा, त्याची कुरकुर नाही. बाकी तिघांचं दुखणं एकच. सकाळी बरे चालतात, दुपारनंतर ब्राउझर रुतून बसतो. ई-वे बिल (माल गाडीतून न्यायला लागणारं ऑनलाइन बिल) काढायला घेतलं की निळं वर्तुळ फिरत राहतं आणि गेटवर भरलेला टेम्पो उभा.

अण्णांनी (मालकांना सगळे अण्णाच म्हणतात) एका वाक्यात निकाल दिला: "रॅम वाढवून टाक की, कशाला डोकं लावतोस?"

डोकं लावायला कारण आहे. एआयच्या सर्व्हरांसाठी मेमरी चिपची मागणी इतकी वाढली आहे की या हिवाळ्यात रॅमचे भाव चढलेत. शिवाय हे कॉम्प्युटर तरी किती दिवसांचे? विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबरला संपला. वाढीव सुरक्षा अपडेट घेतलेत, ते ऑक्टोबर २०२६ पर्यंत चालतील. यांचे प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाहीत. जायला निघालेल्या कॉम्प्युटरवर चढ्या भावाची रॅम चढवण्याआधी आहे ती मेमरी जाते कुठे ते बघू, असं अण्णांना सांगितलं. महिनाभराची मुदत मिळाली.

१९ नोव्हेंबर

आधी मोजायचं काय ते पक्कं केलं, नाहीतर आकडे नुसते घाबरवतात.

विंडोजचा टास्क मॅनेजर उघडला की क्रोमच्या ओळींची रांग लागते. त्या सगळ्यांची बेरीज करून "बघा, क्रोमने एवढी खाल्ली" म्हणणं चूक, कारण बऱ्याच प्रोसेस (चालू प्रोग्रॅमचे वेगवेगळे तुकडे) काही मेमरी सामायिक वापरतात आणि मोजण्याची रीत चुकली तर तोच भाग परत परत मोजला जातो. क्रोमच्या टास्क मॅनेजरमध्ये, म्हणजे शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबल्यावर, टॅब कोणता, एक्स्टेन्शन (ब्राउझरला वरून जोडलेला छोटा प्रोग्रॅम) कोणतं आणि कोणाच्या नावावर किती मेमरी, हे वेगवेगळं दिसतं. फायरफॉक्समध्ये हेच काम अबाउट:प्रोसेसेस या पानावर होतं, आणखी खोलात जायचं तर अबाउट:मेमरी.

इतक्या प्रोसेस मुळात का, हे डिस्पॅचच्या पोराने विचारलं. प्रश्न रास्त आहे. क्रोम २००८ मध्ये आला तोच टॅब वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये ठेवायची रीत घेऊन, म्हणजे एक टॅब कोसळला तर बाकीचे वाचतात. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरमधला स्पेक्टर हा दोष जाहीर झाला. एका साइटच्या कोडला दुसऱ्या साइटची मेमरी चोरून वाचता येण्याची शक्यता निघाली, तेव्हा त्याच वर्षी क्रोम ६७ पासून डेस्कटॉपवर प्रत्येक साइटला स्वतःची प्रोसेस दिली गेली. त्यामुळे मेमरी साधारण १० ते १३ टक्के जास्त लागते, असं गूगलनेच तेव्हा सांगितलं होतं. फायरफॉक्सने तीच वाट २०२१ मध्ये धरली. ज्या ब्राउझरात एका टॅबला बँक आणि शेजारच्या टॅबला कुठलंही पान उघडं असतं, तिथे हा खर्च मला मान्य आहे. त्याला हात लावायचा नाही.

दुसरं, रॅम भरलेली दिसणं हा आजार नव्हे. रिकामी पडलेली रॅम कोणाच्याच कामाची नसते. त्रास सुरू होतो तो विंडोज रॅममधली पानं डिस्कवर ठेवून पुन्हा पुन्हा उचलायला लागली की. म्हणून रिसोर्स मॉनिटरमधला हार्ड फॉल्ट्सचा आकडा हीच माझी खरी पट्टी. फिरत्या डिस्कवर तो चढला की डिस्क १०० टक्क्यांवर जाते आणि माउसचा बाणसुद्धा अडखळतो. अक्कांच्या (हिशेबाच्या टेबलावर अक्का बसतात) कॉम्प्युटरवर हे दुपारी डोळ्यांसमोर घडलं.

२१ नोव्हेंबर

तिन्ही टेबलांवरच्या एक्स्टेन्शनची झडती घेतली. पीडीएफ बदलून देणारी दोन, दोन्ही एकाच कामाची. स्क्रीनशॉट काढणारं. इंग्रजी स्पेलिंग-व्याकरण तपासणारं. भाषांतर करणारं. खरेदीच्या साइटवर कूपन शोधणारं. पान काळं करणारं. व्हिडिओ उतरवून घेणारं. जाहिराती अडवणारं. आणि ऑर्डरच्या टेबलावर, व्हॉट्सॲप वेबवरून सगळ्या व्यापाऱ्यांना एकगठ्ठा निरोप पाठवणारं.

कूपनवाल्याबद्दल अक्कांना विचारलं. "मी नाही टाकलं रे. मागचा पोरगा होता ना, त्याचं असेल." तो पोरगा नोकरी सोडून पुण्याला गेला, एक्स्टेन्शन मात्र जीएसटी, बँक, मेल सगळीकडे हजेरी लावतंय. त्याच्या परवानगीच्या चौकटीत स्वच्छ लिहिलेलं आहे: सर्व वेबसाइटवरचा तुमचा सगळा डेटा वाचणे आणि बदलणे. हे वाक्य वाचून अक्का गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "आत्ताच काढ." चाचणी झाल्याशिवाय काढता येत नाही, म्हणून तोवर बंद करून ठेवलं.

२४ नोव्हेंबर

चाचणीची पद्धत अशी. क्रोममध्ये कोरं प्रोफाइल. ऑफिसात रोज उघडे असतात तेच टॅब त्याच क्रमाने: मेल, व्हॉट्सॲप वेब, बँक, ई-वे बिल, ट्रान्सपोर्टचं ट्रॅकिंग, सुताच्या भावाच्या बातम्यांची दोन पानं. सगळं उघडून थोडा वेळ तसंच सोडायचं, कारण पान उघडल्या उघडल्या आकडा वरखाली होतो. मग नोंद. मग एकच एक्स्टेन्शन चालू करून ब्राउझर बंद, पुन्हा सगळं पहिल्यापासून. सगळी एकदम चालू करून मोजलं तर कोणाचं ओझं किती ते कळत नाही.

दिवसअखेर चित्र दिसलं ते बहुतेकांच्या समजुतीपेक्षा वेगळं आहे. टास्क मॅनेजरमध्ये 'एक्स्टेन्शन' म्हणून जी ओळ दिसते ती बहुतेकांच्या बाबतीत किरकोळ निघाली, कित्येकदा थोड्या वेळाने ती ओळ दिसेनाशीही होते. व्याकरणवाल्याची स्वतःची ओळ अशीच बारीक, पण ते चालू केलं की मेलचा टॅब फुगला, बँकेचा फुगला, ट्रॅकिंगचाही फुगला. ओझं एक्स्टेन्शनचं आणि नाव टॅबचं. "व्हॉट्सॲप लई मेमरी खातंय" किंवा "मेल जड झालंय" या ऑफिसातल्या तक्रारींमागे बऱ्याचदा हेच आहे.

२६ नोव्हेंबर

असं का होतं ते इथे लिहून ठेवतो, पुढे कोणी ही वही उघडली तर उपयोगी पडेल.

एक्स्टेन्शनचे दोन भाग असतात. एक मागे बसणारा. क्रोमच्या मॅनिफेस्ट ३ या नव्या नियमात तो काम नसेल तर साधारण ३० सेकंदांत झोपी जातो आणि लागेल तेव्हा उठतो. दुसरा भाग म्हणजे कंटेंट स्क्रिप्ट, जी पानाच्या आतच जाऊन बसते. पान उघडं आहे तोवर ती उघडी. तिला झोप नाही. शिवाय प्रत्येक एक्स्टेन्शनला पानात स्वतःचं वेगळं जावास्क्रिप्टचं वातावरण मिळतं, म्हणजे एक्स्टेन्शनने बरोबर आणलेली भलीमोठी लायब्ररी प्रत्येक टॅबमध्ये नव्याने उभी राहते. खाली शेडमध्ये रोज दिसतं तेच आहे हे: डिझाइन एक असलं तरी प्रत्येक मागाला बीम (उभ्या सुताचा रूळ) वेगळा लागतो, आणि सूतही तितक्या वेळा लागतं.

त्यात 'सर्व फ्रेम' ही सेटिंग असेल तर आणखी वाईट. बातमीच्या एका पानात जाहिरातींच्या, व्हिडिओच्या, शेअर बटणांच्या डझनभर चौकटी असतात, आणि स्क्रिप्ट प्रत्येक चौकटीत शिरते.

याचं जुनं आणि ठळक उदाहरण फायरफॉक्सकडे आहे. निकोलस नेदरकोट हे तेव्हा मोझिलात, म्हणजे फायरफॉक्स बनवणाऱ्या संस्थेत, मेमरी कमी करण्याच्या मेमश्रिंक प्रकल्पाचे प्रमुख होते. त्यांनी मे २०१४ मध्ये जाहिराती अडवणाऱ्या ॲडब्लॉक प्लसचं मोजमाप मांडलं होतं. नुसतं चालू केल्यावर ६० ते ७० एमबीची भर, आणि त्यापुढे प्रत्येक चौकटीमागे सुमारे ४ एमबी, कारण जाहिराती लपवणारी भलीमोठी स्टाइलशीट (काय दाखवायचं, काय लपवायचं याचे नियम) प्रत्येक चौकटीत वेगळी तयार व्हायची. चारशेहून जास्त चौकटी असलेल्या एका पानावर फायरफॉक्सचा वापर ३७० एमबीवरून १,९६० एमबीवर गेला होता. पुढे सप्टेंबर २०१५ मध्ये फायरफॉक्स ४१ ने ही स्टाइलशीट सामायिक ठेवायला सुरुवात केली तेव्हा तो भार उतरला. म्हणजे त्या वेळी दुरुस्ती एक्स्टेन्शनमध्ये नव्हे, ब्राउझरमध्ये झाली. आपल्या हातात ब्राउझर बदलणं नाही. एक्स्टेन्शनला किती पानांत शिरू द्यायचं, हे मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे.

२ डिसेंबर

आज फक्त घाऊक निरोपवाल्या एक्स्टेन्शनवर बसलो. ऑर्डरच्या टेबलावर व्हॉट्सॲपचा टॅब सकाळी उघडतो तो संध्याकाळी कुलूप लावतानाच बंद होतो, आणि दिवसभर त्याचा आकडा चढत राहतो. एक्स्टेन्शन बंद ठेवून बघितलं: आकडा चढतो, पण उतरतोही. चालू केलं की फक्त चढतो.

पुढची तपासणी डिझाइनच्या कॉम्प्युटरवर केली. मेमरीचा हीप स्नॅपशॉट (त्या क्षणी मेमरीत काय काय आहे त्याचा फोटो) घेणं हेच काम इतकं जड असतं की ४ जीबीवर ते झेपत नाही. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समधला मेमरी विभाग उघडला, एक स्नॅपशॉट घेतला. मग त्याचं निरोपाचं पॅनल उघडलं, काहीही न पाठवता बंद केलं, असं परत परत. पुन्हा स्नॅपशॉट, आणि शोधात 'डिटॅच्ड' हा शब्द टाकला. पानावरून काढून टाकलेले पण मेमरीत धरून ठेवलेले तुकडे या शब्दाने सापडतात.

सापडले ते असे: पॅनल उघडलं की सगळ्या व्यापाऱ्यांची यादी नव्याने तयार होते. सोलापूर, हैदराबाद, विजयवाडा, इंदूर, प्रत्येक नावापुढे चौकोन, बारका फोटो, नंबर. पॅनल बंद केलं की यादी डोळ्यांसमोरून जाते, मेमरीतून जात नाही. खिडकीचा आकार बदलला तर कळावं म्हणून लावलेला एक लिसनर कधी काढलेलाच नाही, आणि तो अख्ख्या जुन्या यादीला धरून बसतो. पुन्हा उघडलं, दुसरी यादी. पुन्हा, तिसरी. स्नॅपशॉटमध्ये तीच व्यापाऱ्यांची नावं एकावर एक रचलेली दिसली.

बंद केलेले टॅब धरून ठेवणाऱ्या ॲड-ऑनचा (फायरफॉक्समध्ये एक्स्टेन्शनला हेच नाव) बंदोबस्त फायरफॉक्सने ऑगस्ट २०१२ च्या १५ व्या आवृत्तीतच केला होता, टॅब बंद झाला की ब्राउझर स्वतःच त्या दोऱ्या कापतो. पण इथे टॅब बंदच होत नाही. दिवसभर उघड्या राहणाऱ्या टॅबमधली गळती कोणताही ब्राउझर आपणहून थांबवणार नाही.

शिवाय असे आपोआप घाऊक निरोप व्हॉट्सॲपच्या अटींत बसत नाहीत. नंबर बंद झाला तर इतक्या वर्षांचा व्यापाऱ्यांचा संपर्क तुटेल, हे अण्णांना मेमरीच्या आकड्यांपेक्षा लवकर पटलं. एक्स्टेन्शन काढलं. त्याऐवजी फोनवर ब्रॉडकास्ट लिस्ट. एका यादीत २५६ जण, आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप जातो. जुन्या व्यापाऱ्यांकडे नंबर असतोच.

५ डिसेंबर

अक्कांचा सवाल: "सगळी काढतोयस तर जाहिराती अडवणारं का ठेवतोस? ते पण एक्स्टेन्शनच की." त्यांच्यासमोरच करून दाखवलं. सुताच्या भावाची बातमी, तेच पान, एकदा अडवणाऱ्यासह आणि एकदा त्याच्याशिवाय. त्याच्याशिवाय पानाखाली वेगवेगळ्या जाहिरात साइटच्या चौकटींची रांग टास्क मॅनेजरमध्ये उतरली, आपोआप वाजणारा व्हिडिओही त्यात. त्याच्यासह एवढी रांग लागलीच नाही. अडवणाऱ्याची स्वतःची मेमरी धरूनही एकूण बेरीज खाली.

जमाखर्च असा पानासकट मांडला तरच खरा. एक्स्टेन्शन किती घेतं हे अर्धंच उत्तर आहे. त्याच्यामुळे काय यायचं टळतं हे दुसरं अर्ध, आणि व्याकरणवाल्याकडे ते दुसरं अर्ध नाही.

एक तांत्रिक नोंद: क्रोमने २०२५ मध्ये जुन्या मॅनिफेस्ट २ ची एक्स्टेन्शन बंद केल्यामुळे तिथे आता यूब्लॉक ओरिजिन या जाहिराती अडवणाऱ्या एक्स्टेन्शनची लाइट आवृत्तीच चालते. ती नियमांची यादी ब्राउझरच्याच हाती देते, अडवण्याचं काम ब्राउझर करतो. फायरफॉक्समध्ये पूर्ण आवृत्ती अजून चालते. दोन्ही बघितली. ऑफिसच्या कामाला लाइट पुरते.

९ डिसेंबर

आज प्रत्यक्ष काटछाट. कूपन, व्हिडिओ, पान काळं करणारं, दोन्ही पीडीएफवाली, सगळी काढली. स्क्रीनशॉटला विंडोजमध्येच विंडोज-शिफ्ट-एस आहे, पान पीडीएफ करायला प्रिंटमधूनच सोय आहे, भाषांतरही क्रोममध्ये मुळातच आहे. या तीन गोष्टी तिघांनाही शेजारी बसून करून दाखवल्या. हे केलं नाही तर आठवड्यात तीच एक्स्टेन्शन परत येतात.

व्याकरणवालं ऑर्डरच्या टेबलाला खरंच लागतं, परदेशी ग्राहकांना इंग्रजी मेल जातात. ते काढलं नाही. क्रोम ७० पासून, म्हणजे २०१८ पासून, प्रत्येक एक्स्टेन्शनला 'सर्व साइटवर', 'ठरावीक साइटवर' किंवा 'क्लिक केल्यावरच' अशी हद्द आखता येते. त्याला फक्त मेलची साइट दिली. बँक, ई-वे बिल, व्हॉट्सॲप, सगळे टॅब लगेच हलके झाले. या सगळ्या प्रकल्पात सर्वांत कमी कष्टांत सर्वांत जास्त फळ देणारी गोष्ट ही. प्रत्येक ऑफिसने करावी असं मला मनापासून वाटतं.

क्रोममधला मेमरी सेव्हरही चालू केला. वापरात नसलेला टॅब तो मेमरीतून काढतो, परत गेलं की पान नव्याने येतं. अर्धवट भरलेला फॉर्म असलेल्या टॅबला तो सहसा हात लावत नाही, तरी बँक, जीएसटी आणि व्हॉट्सॲप अपवादात टाकले. या कामासाठी वेगळं एक्स्टेन्शन घ्यायचं नाही, हा पक्का नियम. द ग्रेट सस्पेंडर नावाचं एक लोकप्रिय एक्स्टेन्शन नेमकं हेच करायचं. ते अनोळखी मालकाकडे गेलं, आणि त्यात घातक कोड असल्याने फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते सगळ्यांकडे बंद केलं. मेमरी वाचवायला घेतलेल्या वस्तूनेच घरफोडी केल्यासारखं झालं ते.

१५ डिसेंबर

केलेलं टिकावं म्हणून क्रोमची पॉलिसी (ऑफिसाने ब्राउझरला घालून दिलेले नियम) विंडोजच्या रजिस्ट्रीतून बसवली. कोणतंही नवं एक्स्टेन्शन बंद, मंजूर यादीतली तेवढी चालू. शिवाय एक्स्टेन्शन सेटिंग्ज या पॉलिसीत 'रनटाइम ब्लॉक्ड होस्ट्स' असा भाग आहे, तिथे बँक आणि जीएसटीचे पत्ते घातले. आता मंजूर एक्स्टेन्शनलाही त्या पानांवर पाय ठेवता येत नाही. लागू झालंय की नाही ते क्रोम:पॉलिसी या पानावर तपासून घेतलं.

संध्याकाळी अक्कांचा फोन: "अरे, यात लिहिलंय तुमचा ब्राउझर तुमच्या संस्थेकडून व्यवस्थापित आहे. हॅक झालंय का?" पॉलिसी लावली की तो निरोप येणारच. संस्था म्हणजे आपणच, असं समजावलं. पुढच्या ऑफिसात पॉलिसी लावण्याआधी हे सांगूनच ठेवायचं.

२० डिसेंबर

जीएसटीआर-३बी चा, म्हणजे जीएसटीच्या मासिक रिटर्नचा, शेवटचा दिवस. मुद्दाम दुपारी जाऊन अक्कांच्या शेजारी बसलो. टॅली, जीएसटी, बँक, मेल आणि ई-वे बिल एकाच वेळी उघडं. हार्ड फॉल्ट्स अधूनमधून उसळतात, पण डिस्क १०० टक्क्यांवर जाऊन बसत नाही. रिटर्न भरून झालं. मधल्या काळात एक गाडी निघाली, तिचं बिल अक्कांनी त्याच कॉम्प्युटरवर काढून दिलं.

डिस्पॅचचा कॉम्प्युटर मात्र सुरू व्हायला अजून फार वेळ घेतो. तो दोष मेमरीचा नाही, फिरत्या डिस्कचा आहे. अण्णांना दोन एसएसडी (फिरता भाग नसलेल्या वेगवान डिस्क) सांगितल्या. रॅम नको, हेही सांगितलं. ही एसएसडी पुढच्या कॉम्प्युटरमध्येही लावता येईल, ही रॅम नव्या बोर्डावर बसणार नाही.

१९ जानेवारी २०२६

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत कारखाना बंद होता. नंदीध्वज, अक्षता सगळं आटोपून आज कामं पुन्हा रुळावर. दोन्ही एसएसडी बसवल्या. पॉलिसी तिन्हीकडे जागेवर आहे, एक्स्टेन्शनची यादीही तशीच.

ऑर्डरच्या टेबलाचा एक नवा अर्ज: मेल परत कधी पाठवायचा त्याची आठवण करून देणारं एक्स्टेन्शन हवंय. मागितलेल्या परवानग्या वाचल्या, सर्व साइट मागतंय. कोऱ्या प्रोफाइलमध्ये मेलच्या एकाच साइटची हद्द देऊन चालतं का ते बघितलं, चालतं. मंजूर यादीत घेतलं, तेवढ्याच हद्दीसह. ११ फेब्रुवारीला जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न) च्या दिवशी त्या टॅबचा आकडा सकाळी आणि संध्याकाळी नोंदवायचा. संध्याकाळी उतरला नाही तर काढायचं.